तिसरी प्रत

आमच्या रक्तपेढीत एका दिवसाची रजा हवी असली तरी अर्ज तीन प्रतींत द्यावा लागतो. एक आस्थापनेला, एक प्रशासकांना, एक ट्रस्टच्या अध्यक्षांच्या फायलीला. झेरॉक्स चालत नाही, तिन्ही प्रती हातानं लिहिलेल्या लागतात. दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा सुजलेल्या डोळ्यांनी मी "आईचे निधन झाल्याने" ही ओळ तीनदा लिहिली होती. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या, म्हणजे माझा राग अजून का उतरत नाही ते कळेल.

मी रक्षा हटवार. भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरला हायवेला लागून एका धर्मादाय ट्रस्टची रक्तपेढी आहे, तिचा डेटाबेस मी सांभाळते. बारा वर्षं झाली, अजून कंत्राटावरच आहे. जिल्ह्यातल्या अठरा हजार रक्तदात्यांची माहिती त्यात आहे. नाव, गाव, फोन, रक्तगट, आणि गटाच्याही आतले बारीक प्रकार. ते बारीक प्रकार महत्त्वाचे, कारण आमच्याकडे गावोगावी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट आहेत. ज्यांना लहानपणापासून वारंवार रक्त द्यावं लागतं, त्यांच्यातल्या काहींचं शरीर हळूहळू परक्या रक्ताला नाकारू लागतं. मग नुसता ओ पॉझिटिव्ह असून भागत नाही, आतले प्रकारही जुळावे लागतात. असा दाता हजारांत एखादा. ही तपासणी आम्ही सहा वर्षांपूर्वी सुरू केली आणि तिचे निकाल थेट कॉम्प्युटरात गेले. कागदावर ते कधी उतरलेच नाहीत, कारण आमच्या दारावर पितळी अक्षरांत "पेपरलेस रक्तपेढी" असं लिहिलंय. माझा प्रिंटरसुद्धा त्या पाटीच्या उद्घाटनाला उचलून नेला. रजेचे अर्ज तेवढे कागदावर राहिले.

आता कंट्रोल फाइल म्हणजे काय ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. ही सगळी माहिती एका फाइलीत नसते, चौदा-पंधरा मोठ्या फायलींत विखुरलेली असते. त्या कोणत्या, कुठं आहेत, प्रत्येकीत कोणत्या क्षणापर्यंतचं लिहून झालंय, हे एका छोट्याशा फाइलीला ठाऊक असतं. तीच कंट्रोल फाइल. स्वयंपाकघरात सारखे दिसणारे पंधरा डबे असावेत, एकावरही नाव नसावं, आणि कशात काय आहे ते फक्त सासूला माहीत असावं, तसं. डेटाबेस सुरू होताना आधी तिला विचारतो. ती सापडली नाही तर माहिती सगळी डिस्कवर जशीच्या तशी असूनही एक नाव बाहेर येत नाही.

म्हणून तिच्या तीन प्रती ठेवायच्या असतात आणि त्या तीन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायच्या असतात. एक डिस्क बसली तर दुसरीवरची प्रत हाताशी असते. मी तसंच ठेवलं होतं. पण जूनमध्ये गेटवर कॅमेरे आले आणि त्यांचं चित्रण साठवायला डिस्क हवी म्हणून आमचे प्रशासक राजकुमारसाहेब यांनी सर्व्हरच्या तीनपैकी दोन डिस्क काढून गेटला दिल्या. त्यांतल्या एकीवर माझा रोजचा बॅकअप जात असे. मी चिडून पत्र दिलं, अर्थातच तीन प्रतींत. साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, तुमाले कंट्रोल फाइलच्या तीन कॉपी पाह्यजे ना?"

"हो, पण वेगवेगळ्या डिस्कवर."

"मग एकाच डिस्कवर तीन ठेवा. तीन म्हणजे तीन. मोजणारा तीनच मोजते."

पत्रावर शेरा पडला, "संख्येची अट पूर्ण होत असल्याने प्रकरण बंद." तीन चाव्या एकाच खिळ्याला टांगून वर चोरालाच खिळा दाखवावा, तसा तो कारभार. मग मी एकच केलं. दोनशे पानी वही आणली आणि दर शनिवारी सगळ्या फायलींची नावं आणि जागा हातानं उतरवून ठेवू लागले. कंट्रोल फाइल गेलीच, तर अशा यादीवरून ती नव्यानं बनवता येते. लोक हसायचे. पेपरलेस रक्तपेढीत रक्षा मॅडम वही लिहिते, म्हणायचे.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, म्हणून वर्षातून एकच दिवस डेटाबेसही बंद असतो. मी आदल्या संध्याकाळी तो रीतसर बंद केला. सकाळी सर्व्हरच्या कपाटाला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, वर आपट्याची पानं ठेवली गेली. माझा त्याला आजही आक्षेप नाही. बारा महिने राबणाऱ्या यंत्राला एक दिवस फुलं मिळाली तर माझं काय जातं? पण एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. डेटाबेस चालू असतो तेव्हा आमच्या सर्व्हरवर त्याच्या फायलींना कोणी हात लावू शकत नाही, यंत्रच नकार देतं. बंद असतो तेव्हा त्या फायली उघड्या पडलेल्या असतात.

आणि त्याच पंधरवड्यात ट्रस्टची "दुबार फाइल हटाव मोहीम" चालू होती. पुढच्या सोमवारी मानांकनाचं तपासणी पथक येणार होतं. प्रत्येक विभागानं कॉम्प्युटरवरच्या किती दुबार फायली काढल्या, त्याचा तक्ता लावायचा होता. हे काम मनिष गभणेकडे होतं. मनिष आमचा सिस्टिम असिस्टंट, चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, स्वभावानं गरीब. साहेबांनी एक म्हटलं की दुसरा प्रश्न विचारायचा नाही, एवढीच त्याची खोड.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तर बाकावर पुष्पाबाई बसलेल्या. त्या सिहोऱ्याच्या. त्यांची मुलगी रुपा बावीस वर्षांची, सिकलसेलची जुनी पेशंट, आमच्या सगळ्यांच्या ओळखीची. तिला ते जुळणारं रक्तच लागतं. आता तिला सातवा महिना होता. पुष्पाबाईंच्या हातात भंडाऱ्याच्या दवाखान्याची चिठ्ठी आणि थंड डब्यात रुपाच्या रक्ताचा नमुना होता. चिठ्ठीत हिमोग्लोबिन चारच्याही खाली लिहिलेलं होतं.

"मॅडम, डाक्टर म्हंते संध्याकाळपावतर रक्त पाह्यजेच. नाई त मायलेकरू दोघंई हातचे जातीन," त्या म्हणाल्या. आवाज रडका नव्हता, कोरडा होता. असा आवाज ऐकला की मला जास्त भीती वाटते.

"बसा काकू. नावं काढते आणि फोन लावते," मी म्हटलं.

रुपाला चालणारे तीन-चार दाते आमच्याकडे होते, एवढं मला आठवत होतं. पहिला तोंडपाठ होता, त्यांच्याच गावचा परसराम. पण त्यानं महिन्यापूर्वी रुपालाच रक्त दिलं होतं आणि तीन महिने व्हायच्या आत पुन्हा घेता येत नाही. बाकीचे फक्त डेटाबेसला ठाऊक होते.

डेटाबेस उघडेना. मी पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. पडद्यावर ओळ आली की कंट्रोल फाइल जुनी आहे, माहितीच्या फायली तिच्यापेक्षा नव्या आहेत. मी कंट्रोल फाइलच्या कप्प्यात जाऊन पाहिलं. तिन्ही प्रती जागेवर होत्या, नावं बरोबर होती. आणि तिन्हींवर तारीख गेल्या वर्षीच्या दसऱ्याची होती! गेल्या दसऱ्याला मी सगळ्याची एक नक्कल काढून बाजूला ठेवली होती, तिथली फाइल कोणीतरी उचलून तीन वेळा इथं चिकटवली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मनिष कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तक्ता भरत होता. मी विचारलं, "मनिष, इथं कोणी हात लावला?" त्यानं मान वर केली नाही. तेवढ्यात राजकुमारसाहेब आत आले आणि मला कळलं की त्यांना माझ्या आधीच सगळं माहीत आहे.

"मॅडम, जरा शांतपणे घ्या," ते म्हणाले. "सर्व्हर तुमच्या ताब्यातला, बॅकअप तुमचं काम. बॅकअप नाही म्हणून हा प्रकार झाला. तुमी आधी तसं लिहून द्या, मग सर्व्हरले हात लावा."

"बॅकअपची डिस्क तुम्ही गेटला दिलीत, साहेब!"

"ते मागचं झालं. सोमवारी पथक येऊन राहिलं. घटना नोंदवा लागते आणि जबाबदार कोण हा रकाना रिकामा सोडता येत नाही."

"बाहेर पेशंटची आई बसलीय. पोरीला सातवा महिना आहे."

"म्हणूनच म्हणतो, लवकर लिहा."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. माणूस वाईट असतो तेव्हा ओरडतो, दात खातो, असं मला वाटायचं. साहेबांनी ते इतक्या समजूतदार आवाजात म्हटलं की क्षणभर मलाच वाटलं, उशीर आपण करतोय. कंट्रोल फाइल नव्यानं बनवायला लागणारा सर्व्हरचा मुख्य पासवर्ड त्यांनी सकाळीच बदलून घेतला होता. तो कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

पुष्पाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मॅडम, रुपाचं रक्त कंप्युटरमंदून गेलं का जी?"

मी पेन घेतलं. "दसऱ्याच्या दिवशी मी बॅकअप घेतला नाही, त्यामुळे कंट्रोल फाइल निकामी झाली. ही चूक माझी आहे." खोटं, साफ खोटं. आणि ते एकदा लिहून भागलं नाही. "तीन प्रतींत," साहेब म्हणाले. मी दुसरी लिहिली, मग तिसरी. तिसरी लिहिताना अक्षर इतकं बिघडलं की साहेबांनी ती परत माझ्यासमोर सरकवली, नीट लिहा म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली. भंडाऱ्याला एक पोरगी खाटेवर धापा टाकत होती आणि मी इथं शुद्धलेखन करत होते. त्या वीस मिनिटांची मला अजून लाज वाटते, आणि साहेबांना वाटत नाही याचा संताप.

सह्या झाल्या. साहेबांनी खिशातला कागद दिला. मी पर्समधून वही काढली.

पुढचं काम कठीण नाही, नाजूक आहे. कंट्रोल फाइल नव्यानं बनवायची तर डेटाबेसला सगळ्या फायलींची नावं सांगावी लागतात, एकही न सोडता. सुटलेल्या फाइलीतली माणसं यादीत येत नाहीत. मी वहीतून चौदा नावं टाइप केली. मग ताळा करायला डिस्कवर पाहिलं, तर तिथं पंधरा फायली होत्या.

पंधरावी माझ्या वहीत नव्हती. आणि इथं मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. ती चूक खरी आहे. गेले तीन शनिवार मी पितृपक्षातल्या आणि नवरात्रातल्या शिबिरांत होते आणि वही लिहिली नव्हती. तेवढ्या दिवसांत ही फाइल कोणीतरी जोडली होती. ती चालू फाइल होती की मोहिमेत इकडची तिकडे झालेली एखादी नक्कल, हे नुसत्या नावावरून कळेना. तारखेवर विसंबावं, तर दसऱ्याला कोणी काय काय हलवलं होतं ते कुणाला माहीत?

"मनिष, ही पंधरावी फाइल कुठली?" मी विचारलं.

मनिषनं साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. "त्याले काय माहीत? तुमच्या वहीत असन ते टाका," ते म्हणाले.

"वहीत नाही."

"मग चौदावरच चालू करा. पथकाले चालू दिसलं म्हणजे झालं."

मनिषच्या कपाळावर घाम आला होता, पण तोंड उघडत नव्हतं. पुष्पाबाई दारातून आत आल्या. चप्पल बाहेर काढून आल्या होत्या, आत सर्व्हरला अजून हार घातलेला होता म्हणून असेल. त्या मनिषच्या टेबलापाशी गेल्या.

"बाबू, तुले ठाऊक असन त सांग ना गा," त्या म्हणाल्या. "मले यातलं काईच समजत नाई. पन तुह्या तोंडाकडं पाहून समजते का तुले ठाऊक हाय."

मनिष उठला. "ताई, चालू फाइल हाय ते. जागा संपली होती म्हणून म्याच जोडली, पितृपक्षात. तुमी शिबिराले गेल्या होत्या. नवरात्रातल्या शिबिराच्या नोंदी त्याच्यातच गेल्या." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "दसऱ्याले दुपारी म्या तक्त्यासाठी बसलो होतो. तीन फायली एकाच साईजच्या दिसल्या. दुबार समजून दोन काढून टाकल्या. आज सकाळी आठले चालू कराले गेलो त चालू होईना. मंग गेल्या साली ठेवलेली कॉपी आनून तिन्ही जागी टाकली. जी चांगली उरली होती, तिच्यावरही. साहेबाले आठ वाजताच सांगतलं होतं."

"मनिष!" साहेब म्हणाले.

"सांगतलं होतं साहेब. तुमी म्हनले, मॅडमले येऊ दे."

एक चांगली प्रत उरली होती! ती नुसती दोन जागी परत ठेवली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. आठ वाजता मला एक फोन केला असता तर पुष्पाबाईंना बाकावर बसावंसुद्धा लागलं नसतं. पण रागवायला वेळ नव्हता. मी पंधरावं नाव टाइप केलं.

सगळ्या फायलींचा ताळा जमून बारा चाळीसला डेटाबेस उघडला. रुपाचे प्रकार टाकून शोध लावला आणि परसरामखाली तीन नावं आली. पहिला कामाला सुरतला गेलेला. दुसऱ्याचा फोन बंद. तिसरं नाव दादाजी भुरे, आंधळगाव. नोंद नवरात्रातल्या शिबिराची, म्हणजे त्या पंधराव्या फाइलीतली. शेरा होता, "उपवास असल्याने रक्त घेतले नाही, फक्त नमुना घेतला."

चौदावर चालू केलं असतं तर हा माणूस आमच्या लेखी जन्मलाच नव्हता.

फोन त्यांच्या बायकोनं, उषाबाईंनी उचलला. "ते त बांधीत हायेत जी, धान कापून राहिले. कोनाले पाह्यजे रक्त?"

मी सांगितलं. सातवा महिना म्हटल्यावर त्या पुढं ऐकायला थांबल्या नाहीत. फोन तसाच हातात धरून शेताकडं पळाल्या असाव्यात, कारण मला वारा आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मग लांबून हाक, "अवं, ऐकलं का!"

दोन वाजता दादाजी मोटरसायकलवरून आले. पन्नाशीचा दणकट माणूस, शर्टाला तणसाच्या काड्या चिकटलेल्या. "त्या दिशी उपासाचा म्हनून तुमी मले वापस पाठवलं," मला म्हणाले. "आज पोटभर भात खाऊन आलो. घ्या किती घ्याचं ते." पुष्पाबाईंनी त्यांच्यासमोर हात जोडले तर ते इतके अवघडले की नर्सला म्हणाले, कुठं झोपू ते सांगा लवकर.

तपासण्या आणि जुळवणी करून पिशवी सहा वाजता निघाली. गेटवरच्या कैलाशनं स्वतःच्या गाडीवर पुष्पाबाईंना आणि रक्ताच्या डब्याला भंडाऱ्याला पोचवलं. चौथ्या दिवशी रुपा उठून बसली. पोटातलं बाळ ठीक होतं.

रक्त गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एक काम कोणाला न विचारता केलं. गेटच्या कॅमेऱ्यातल्या दोन्ही डिस्क काढून आणल्या आणि सर्व्हरला लावल्या. कैलाशला म्हटलं, तुला दोन डोळे आहेत, ते पुरे. तीन डिस्क, तीन प्रती, आणि बॅकअप पुन्हा सुरू. त्या कप्प्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून मनिषच्या टेबलावर चिकटवली. मनिषनं स्वतःहून खाली लिहिलं, "या दुबार नाहीत."

सोमवारी पथक आलं. तक्ता पाहून खूश झालं. अकरा हजार चारशे दुबार फायली काढल्या म्हणून साहेबांचा सत्कार झाला, शाल आणि रोपटं देऊन. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करता.

शुक्रवारी माझ्या टेबलावर मेमो आला. भाषा अशी होती, "दिनांक अमुक रोजीच्या आपल्या लेखी कबुलीनंतरही आपण सर्व्हरवर कंट्रोल फाइलच्या एकसारख्या तीन प्रती पुन्हा निर्माण केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब दुबार फाइल हटाव मोहिमेस बाधा आणल्याबद्दल आपले कंत्राट का संपुष्टात आणू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा." आणि खाली, अधोरेखित, "खुलासा तीन प्रतींत असावा."

मी तो मेमो दोनदा वाचला आणि मला हसू फुटलं. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं नव्हतं. ज्या माणसाला माझ्या रजेच्या अर्जाच्या तीन प्रती लागतात, ज्यानं मरणाच्या दारातल्या पोरीला थांबवून माझं खोटं तीन प्रतींत लिहून घेतलं, त्याला कंट्रोल फाइलच्या तीन प्रती अडगळ वाटतात! स्वतःच्या खुर्चीसाठी तीन लागतात आणि अठरा हजार माणसांच्या रक्तासाठी एक पुरते. याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. अडाणी माणूस विचारतो. पुष्पाबाईंनी विचारलं होतं.

मी खुलासा लिहायला बसले. सगळं लिहिलं. जूनमधल्या डिस्क, बंद केलेलं प्रकरण, दसऱ्याची दुपार, सकाळचे आठ, खिशातला पासवर्ड, ती वीस मिनिटं, पंधरावी फाइल. माझे चुकलेले तीन शनिवारही लिहिले. आधीची कबुली दबावाखाली लिहून दिली, ती खोटी आहे, हेही लिहिलं. हातानं, तीन वेळा, आणि या वेळी तिन्हींत अक्षर सारखं सुंदर आलं. मनिष बाजूला उभा होता. म्हणाला, "ताई, साक्षीदार म्हणून माही सही घ्या." मी म्हटलं, "मनिष, नोकरी जाईल." तो म्हणाला, "तुमची जाऊन राहिली त म्या काय पाहात बसू?" तिन्हींवर त्यानं पूर्ण नाव लिहून सही केली.

त्याच दुपारी पुष्पाबाई रुपाचं कार्ड न्यायला आल्या. मी त्यांना खुलासा वाचून दाखवला. त्यांना फायलींचं काही कळलं नसेल, पण वीस मिनिटांपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं. "ते पुन्हा वाचा," म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी हात पुढं केला. "एक कागद माह्यापाशी द्या जी. रुपाच्या कागदात ठेवतो. माह्या घरून कोनी नाई नेत."

एक प्रत मी आवक टेबलावर शिक्का मारून दिली. दुसरी अध्यक्षांच्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली.

तासाभरात राजकुमारसाहेबांनी बोलावलं. माझा खुलासा त्यांच्यासमोर पडला होता आणि चेहरा उतरला होता. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, मनिषच्या सहीवर बोट ठेवलं, आणि मग त्यांना तेच सुचलं जे बारा वर्षं सुचत आलंय.

"ही एकच प्रत आहे. मी तीन मागितल्या होत्या."

"तीनच लिहिल्या, साहेब. तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. दुसरी अध्यक्षांकडे निघाली."

"आणि तिसरी?"

"जिथं तुमचा हात पोचत नाही तिथं," मी म्हटलं, आणि सर्व्हरचा रोजचा बॅकअप झाला का ते पाहायला निघून गेले.